क्रोमियमची कड

चाकणला इनकमिंग विभागात माल उतरला की आमच्या शेजारची मुलगी बोल्टवर एक्सआरएफ गन, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं हातातलं यंत्र, टेकवते, खटका दाबते आणि वीसेक सेकंदांत पडद्यावर आकडे येतात. लोखंड इतकं, जस्त इतकं, क्रोमियम इतकं. तिला या कामाचा कंटाळा येतो. मला तिचा हेवा वाटतो, आणि थोडा रागही येतो. याच क्रोमियमसाठी आम्ही नागपूर विद्यापीठात रात्री जागवल्या होत्या.

सत्तरचं दशक होतं. क्ष-किरण वर्णपटशास्त्र नागपुरात रुजलं ते प्रा. चिंतामणी मांडे यांच्यामुळे. त्यांनी पॅरिसला इव्हेत कोश्वा यांच्याकडे काम केलेलं. वाकवलेल्या स्फटिकातून किरण आरपार जाऊ देऊन ते फिल्मवर एकत्र आणणारं उपकरण या कोश्वाबाईंचं, 1930च्या दशकातलं. 1982 साली त्यांच्या गौरवार्थ निघालेल्या ग्रंथाच्या दोन संपादकांपैकी एक मांडे होते.

स्फटिक म्हणजे साधा अभ्रक. पण ब्लेडनं पापुद्रा सोडवताना एकही सुरकुती पडता कामा नये, आणि निर्दोष तुकडा मिळायला आठवडे जात. क्रोमियमचं संयुग खलात काजळासारखं बारीक घोटायचं, पातळ कागदावर एकसारखं पसरायचं, नळीला व्होल्टेज द्यायचं आणि थंडाव्याच्या पाण्यावर डोळा ठेवून बसायचं. नागपूरच्या मे महिन्यात ते पाणीही कोमट. रात्रभर उघडी ठेवलेली फिल्म पहाटे डार्करूममध्ये धुतली की एका अरुंद पट्टीवर काळं संपून फिकं सुरू होई. ती शोषणाची कड, जिथून पुढच्या ऊर्जेचे किरण क्रोमियम गिळू लागतं. वीज मधेच गेली असेल तर तेही नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर ती कड किती सरकली हे पाहायला. शुद्ध क्रोमियमची कड 5989 इलेक्ट्रॉन-व्होल्टला पडते. अणूनं तीन इलेक्ट्रॉन गमावले की ती वर सरकते, सहा गमावले की आणखी वर. क्रोमेटमध्ये तर कडेच्या अलीकडे, काळ्या भागात, एक बारीक फिकी रेघ वेगळी उमटते. ती रेघ पहिल्यांदा दिसली तेव्हा मी चहा प्यायलाही विसरलो.

पुढे विदर्भातल्या हजारोंसारखा मीही पिंपरी-चिंचवडला आलो. 1954च्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सनंतर इथे एकामागून एक कारखाने उभे राहत गेले, आणि मी त्यांतल्या एका प्रयोगशाळेत लागलो. तिथे पोलादाचा कीस आम्लात विरघळवून क्रोमियम मोजत. अर्धा दिवस सहज जाई. माझी पीएच.डी. कुणाला काय कामाची, असं साहेब लोक हसून विचारत. बरोबरच होतं त्यांचं.

आता त्या गनच्या आत काय आहे ते बघा. फिल्म नाही, अभ्रक नाही. आहे सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा. लोखंडाचा 6.4 हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक क्ष-किरण त्यात शिरला की इलेक्ट्रॉन-होलच्या सुमारे 1750 जोड्या सुटतात, कारण एका जोडीला साधारण 3.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. जोड्या मोजल्या की मूलद्रव्य कळलं. आमच्या काळी असे सिलिकॉन शोधक द्रवरूप नायट्रोजनच्या पिंपासकट असत. आता विजेवर चालणारी चिमुकली थंडाई पुरते. चाकणमध्ये सेमीकंडक्टर म्हटलं की लोकांना 2021चा चिप तुटवडा आणि रखडलेल्या गाड्या आठवतात. तोच पदार्थ हातातल्या या यंत्रात आमच्या अख्ख्या खोलीचं काम करतोय, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही.

पण या सिलिकॉनची नजर जाडी आहे. सुमारे 130 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आतला फरक त्याला दिसत नाही, आणि आमची कड सरकायची ती मोजक्या इलेक्ट्रॉन-व्होल्टनी. म्हणजे क्रोमियम आहे हे गन सांगते, ते कोणत्या अवस्थेत आहे हे नाही. आणि नेमकं तेच इथे अडतं. यलो झिंकच्या बोल्टवर पूर्वी सहासंयुजी क्रोमियमचा पिवळा थर असे. तो कर्करोगकारक, म्हणून युरोपात गाड्यांच्या अशा लेपांत 2007पासून त्याला बंदी आली, आणि निर्यात करणाऱ्यांनी भोसरी-चाकणच्या प्लेटिंगवाल्यांकडे ट्रायव्हॅलंटचा, म्हणजे त्रिसंयुजी क्रोमियमचा, आग्रह धरला. गनला दोन्ही सारखेच. शेवटी ती मुलगी बोल्ट पाण्यात उकळते, त्या पाण्यात डायफिनाइल कार्बाझाइड घालते आणि जांभळट लाल रंग येतो का ते बघते.

मी तिला त्या फिक्या रेघेबद्दल सांगितलं. इंदूरच्या इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर असा वर्णपट आता बघता बघता मिळतो, आणि तिथल्या एका बीमलाइनवर स्फटिक आजही वाकवलेलाच आहे, फक्त अभ्रकाऐवजी सिलिकॉनचा, हेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"मग काका, बोल्ट इंदूरला पाठवला तर रिपोर्ट कधी येईल?"

"आधी अर्ज कर," मी म्हटलं, "मग बीमटाइमची वाट बघ. तोवर तुझा लॉट गंजलेला असेल."