पुनरुक्तीचा दोष

संस्कृत साहित्यशास्त्र शिकवताना दोषप्रकरण आम्ही नेहमीच थोडे घाईने उरकत आलो. मम्मटाने काव्यप्रकाशात दिलेली अर्थदोषांची यादी फळ्यावर लिहायची, 'पुनरुक्त' या शब्दाशी क्षणभर थांबायचे, आणि विद्यार्थ्यांना सांगायचे की एकदा सांगून झालेला अर्थ नवे काही न आणता पुन्हा सांगणे म्हणजे वाचकाचा अपमान. आम्ही दोघांनी मिळून ही तासिका साठ-सत्तर वेळा तरी घेतली असेल. गेल्या सप्टेंबरमध्ये ओहायोतल्या एका परसबागेत, गुडघाभर उंचीच्या एका रेल्वेने आम्हांला त्या तासिकेकडे परत नेले. त्याचीच ही हकीकत.

लेकीकडे सहा महिन्यांसाठी गेलो होतो. तिच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त गृहस्थांनी आपल्या बागेत रेल्वे मांडलेली आहे, हे पहिल्याच आठवड्यात कळले. खेळण्यातली आगगाडी असेल, असे समजून आम्ही कौतुकाचे दोन शब्द बोललो. त्यांनी हसून विचारले, "शनिवारी येता का? दोन माणसे कमी पडताहेत." माणसे कशाला कमी पडतात, हा प्रश्न आमच्या तोंडावर आला होता, शनिवारी त्याचे उत्तर मिळाले.

बागेतल्या रेल्वेचा रूळ 45 मिलिमीटर रुंदीचा. जर्मनीतल्या लेमान कंपनीने 1968 साली एलजीबी या नावाने ज्या गाड्या बाजारात आणल्या, त्यांनी ही रुंदी घरोघर नेली. अमेरिकेतल्या डोंगराळ भागांत तीन फुटी अरुंद मार्ग होते; त्यांची प्रतिकृती या रुळावर नेमकी करायची तर प्रमाण 1:20.3 येते. इंजिन हातभर लांब, आणि ते उचलायला दोन हात लागतात. वीज रुळातून येत नाही. कोळशाच्या डब्यात बॅटरी दडवलेली असते आणि हातातल्या यंत्रावरून गाडी चालते. मार्ग सुमारे नव्वद मीटर, एकेरी. त्यावर तीन स्टेशने. त्यांना यजमानांनी नावे दिली होती, पण आम्ही ती आमच्या सोयीने पायरीचे, पाणकुंडाचे आणि मेपलखालचे अशी लक्षात ठेवली.

सकाळी नऊला अकरा माणसे जमली. पहिला दीड तास साफसफाईत गेला. रात्री पडलेली ओकची फळे रुळांतून वेचायची, बोगद्यातली कोळिष्टके काठीला फडके बांधून काढायची, सांध्यांत अडकलेले खडे ब्रशने उडवायचे. घरातल्या मांडणीवर धूळ बसते. बागेतल्या मांडणीवर ऋतू बसतो. उन्हाने पितळी रूळ लांबतात, पावसाने खडी वाहून जाते, खारी स्टेशनाच्या छपरावरून उड्या मारतात. रुळांकडेने जमिनीलगत पसरणारा थाइम लावलेला होता. डबे त्याला घासून गेले की वास येई.

मग सगळ्यांना कामे वाटून दिली गेली. एक यार्डमास्तर, दोन स्टेशनांवर दोघे, आणि प्रत्येक गाडीवर दोघे, एक ड्रायव्हर आणि एक गार्ड. आपल्याकडे ज्याला कंट्रोलर म्हणतात तो मागच्या व्हरांड्यात, रुळांकडे पाठ करून, समोर फक्त कागद आणि टेलिफोन घेऊन बसला. त्याला गाड्या दिसणार नव्हत्या. त्या कुठे आहेत हे त्याने ऐकून जाणायचे. भिंतीवरचे घड्याळ चौपट वेगाने पळत होते. आमच्या तीन तासांत त्याचे बारा तास होणार होते, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. प्रत्येक वाघिणीचे एक कार्ड होते आणि त्यात तिने कोणता माल कुठून कुठे न्यायचा याची चिठ्ठी. कुठली तरी काल्पनिक गिरणी काल्पनिक धान्याची वाट पाहत होती, आणि ते धान्य वेळेवर पोचवणे आमच्याकडे होते.

फ्रँक एलिसन या गृहस्थांनी 1944 साली 'मॉडेल रेलरोडर' मासिकात एक लेखमाला लिहिली होती. छोट्या रेल्वेची तुलना त्यांनी नाटकाशी केली होती. देखावा म्हणजे नेपथ्य, गाड्या म्हणजे पात्रे, आणि वेळापत्रक म्हणजे कथानक. यजमानांनी हे सांगितले तेव्हा साहित्याचे शिक्षक म्हणून आम्ही सुखावलो. पण दुपारपर्यंत या उपमेतली एक फट दिसू लागली होती. या नाटकाला प्रेक्षक नव्हते. जे होते ते सगळे पात्रे, आणि संहिता कुणाच्याच हाती पुरती नव्हती. प्रत्येकाजवळ फक्त आपापली चिठ्ठी होती.

एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत यासाठी अमेरिकेत दीर्घकाळ वेळापत्रक आणि लेखी आदेश यांची पद्धत होती. 1851 साली ईरी रेल्वेचे अधिकारी चार्ल्स मिनॉट यांनी तारेने संदेश पाठवून समोरची गाडी थांबवून ठेवली आणि आपली पुढे न्यायला सांगितली, तिथून ती सुरू झाली. त्यांच्या ड्रायव्हरचा म्हणे तारेवर विश्वास बसेना. मग मिनॉट यांनी स्वतः इंजिन हाती घेतले आणि ड्रायव्हर शेवटच्या डब्यात सर्वांत मागच्या बाकावर जाऊन बसला. नंतर या पद्धतीचे नियम बांधले गेले. आदेश देणारा बोलतो, स्टेशनावरचा माणूस लिहून घेतो आणि मग अक्षरन् अक्षर परत वाचून दाखवतो. आकडे नुसते उच्चारायचे नाहीत, त्यांचे स्पेलिंगही करायचे. धनादेशावर आपण अंकी आणि अक्षरी रक्कम लिहितो तसे. परत वाचलेले बरोबर असेल तर वरून 'पूर्ण' असा शब्द आणि वेळ येते. तोवर तो कागद आदेश नसतो, नुसता कागद असतो. आणि गाडीवर तो गार्ड व ड्रायव्हर दोघांनीही वाचायचा.

पहिला आदेश मिळाला तेव्हा आम्ही फोनवर "समजले" म्हणालो. पलीकडून शांतपणे उत्तर आले की समजले हे मला कसे कळावे, कृपा करून परत सांगा. आम्ही परत सांगितले. थोडा रागही आला. इतकी वर्षे वर्गात उभे राहिलेल्या माणसांना पाठ म्हणून दाखवायला लावणे!

हा राग ओळखीचा होता. आम्हां दोघांपैकी एकाचे वडील सहायक स्टेशनमास्तर होते. कुणाचे ते सांगण्याचे कारण नाही, कारण पंचवीस वर्षे ते दोघांचेच नाना होते. नानांच्या घरात कोणताही निरोप एका दिशेने जात नसे. वाण्याकडे पाठवताना "काय आणायचे? परत सांग." परगावी निघालेल्या मुलाला "कोणती गाडी? परत सांग." सून म्हणून घरात आलेल्या मुलीलाही पहिल्याच दिवशी दुधाचा हिशेब परत सांगावा लागला होता. आम्ही याला नानांचा हेका म्हणत असू. नोकरीत ते बोटाच्या पेरांवर मोजावे इतक्याच गाड्या रोज सोडत. त्यांच्या आयुष्यात कधी अपघात झाला नाही, त्यामुळे त्यांच्या दक्षतेला काही अर्थ असेल असे आम्हांला वाटलेच नाही. न घडलेल्या गोष्टी कुणाला दिसतात?

चौपट घड्याळात दुपारचे दोन वाजले तेव्हा आम्ही मालगाडी घेऊन पायरीच्या स्टेशनावरून वर निघालो होतो. आदेश असा, की पाणकुंडाच्या स्टेशनावर लूपमध्ये जाऊन उभे राहायचे आणि क्रमांक 4 ची गाडी आल्यावर पुढे जायचे. गार्डने तो फोनवर परत वाचला, 'पूर्ण' मिळाले, सही झाली. मग कागद खिशात गेला. ड्रायव्हरला तोंडी सांगितले गेले, "पाणकुंडावर क्रॉसिंग आहे, थांबायचे." तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात इतके पुरते, असे दोघांनीही गृहीत धरले.

लूपमध्ये आम्ही बराच वेळ उभे होतो. पाण्यावर ड्रॅगनफ्लाय बसत होती. वरून एक गाडी आली, शिटी देऊन शेजारून गेली. ड्रायव्हरने गार्डकडे पाहिले, गार्डने मान हलवली. सांधा बदलला, गाडी हलली. आम्ही माणसाच्या रमतगमत चालीहूनही सावकाश तिच्यामागे चालत होतो. लव्हेंडरच्या वळणावर बोगद्यातून समोरून दुसरे इंजिन बाहेर आले. दोन्ही ड्रायव्हरांनी एकदमच गाड्या थांबवल्या. दोन दिव्यांमध्ये वीतभर अंतर उरले.

कुणी हसले नाही. हे आम्हांला आजही आठवते. खेळण्याच्या दोन गाड्या, कुणाला खरचटलेलेही नाही, आणि बागेत अकरा माणसे गप्प. कंट्रोलर व्हरांड्यातून उठून आला आणि म्हणाला, "आदेश वाचता का मोठ्याने?" गार्डने खिशातला कागद काढून वाचला. क्रमांक 4. शेजारून गेलेली गाडी होती क्रमांक 2, वेळापत्रकाच्या मागे पडलेली. ड्रायव्हरने आकडा ऐकलाच नव्हता, कारण त्याला तो सांगितलाच गेला नव्हता; गार्डने वाचला होता, पण परत ऐकला नव्हता. कान तापले, हातातले यंत्र घामाने ओले झाले. शरम अगदी खरी होती, एक विसांश प्रमाणातली नव्हती.

कंट्रोलरने आम्हांला दोष दिला नाही. गाडी मागे घेण्याचा नवा आदेश त्याने तिथेच सांगितला आणि या वेळी दोघांकडूनही वेगवेगळा वदवून घेतला. आम्ही शाळकरी मुलांसारखे एकामागून एक म्हटले. तेव्हा लक्षात आले की वाक्य सांगणाऱ्याच्या तोंडून निघते तेव्हा ते अर्धेच असते. ते ऐकणाऱ्याच्या तोंडून परत येते तेव्हाच दोघांचे होते. वेद लिहिल्याशिवाय टिकले ते क्रम, जटा, घन अशा पाठांमुळे. तेच शब्द पुढून, मागून, पुन्हा जोडून म्हणायचे, म्हणजे एखादे अक्षर निसटले तर तिथल्या तिथे उघडे पडते. हेही आम्ही वर्गात शिकवले होते, वेगळ्या तासिकेला. दोषप्रकरणाशी त्याची गाठ कधी घातली नव्हती.

खरे सलले ते पुढचे. शेवटच्या दोन वर्षांत नानांची स्मृती गेली होती. रोज संध्याकाळी ते विचारत, "गाडी गेली का?" पहिल्यांदा आम्ही समजावत असू, की नाना, आपण पुण्यात आहोत, इथे स्टेशन नाही. मग नुसते "हो, गेली." ते लगेच विचारत, "नंबर?" आम्ही एखाद्या गाडीचे नाव सांगत असू. त्याने त्यांचे समाधान होत नसे. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. आणि मग आमच्यातल्या कुणाच्या तरी तोंडून निघे, "सांगितले ना एकदा!" पुनरुक्ती हा दोष असल्याचे आम्ही त्यांनाही शिकवत होतो.

आमची लेक तेव्हा कॉलेजात होती. एकदा तिने सहज सांगितले, "गेली आजोबा. नंबर सत्तेचाळीस." नाना ताठ बसले. "सत्तेचाळीस. चार, सात," असे म्हणाले, हवेत बोटाने काहीतरी लिहिल्यासारखे केले आणि त्या संध्याकाळी पुन्हा विचारले नाही. दोन स्टेशनमास्तर फोनवर बोलताना निरोपाची खूण म्हणून एकमेकांना खासगी नंबर देतात, तो नोंदवहीत लिहितात. ते तिने त्यांच्याच तोंडून लहानपणी ऐकले होते. तिने रोज नवा नंबर द्यायला सुरुवात केली. आम्हांला ते पटले नव्हते. म्हाताऱ्या माणसाच्या भ्रमाला खतपाणी घालणे, असे आम्ही तिला सुनावलेही होते. कल्पित आणि खोटे यांत फरक असतो, हे ज्यांनी आयुष्यभर कथा-कादंबऱ्यांच्या तासांना सांगितले, त्यांना तो घरात ओळखता आला नाही.

चौपट घड्याळात सहा वाजले. गिरणीला धान्य पोचले होते, एक वाघीण मात्र चुकून मेपलखालीच राहिली. इंजिने खोक्यांत गेली, छोटी स्टेशने दवाने भिजू नयेत म्हणून उचलून आत ठेवली. यजमानांनी पुढच्या महिन्याची तारीख सांगितली आणि याल का, असे विचारले. आम्ही तारीख परत सांगितली. ते हसले.

दंडीने काव्यादर्शात पुनरुक्तीला एक अपवाद दिलेला आहे. अनुकंपेसारख्या भावाचा अतिशय सांगायचा असेल तर तीच गोष्ट पुन्हा म्हणणे दोष होत नाही, उलट अलंकार होते. हा श्लोक आम्ही परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा नाही म्हणून सोडून देत असू.

रात्री जेवताना लेकीला सगळे सांगितले. वळणावरची फजिती ऐकून ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, आजोबांनी पहिला प्रश्न काय विचारला असता?" आम्ही दोघे एकदमच म्हणालो, "परत सांग." मग तिने कढीचे भांडे पुढे सरकवले आणि आम्ही तिला तो आदेश, क्रमांक, स्टेशन आणि वेळेसकट, पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितला.