खाडीचें देणें

ज्या गोष्टीवर आपलें मनापासून प्रेम असतें तिची आपल्याला पुरती माहिती असते, असा एक समज आहे. निदान खाण्याच्या पदार्थांच्या बाबतींत तरी तो खोटा आहे. जिताडा हा मासा आम्हांला लहानपणापासून प्रिय. त्याचें कालवण कसें करावें, त्याचें डोकें कोणाच्या पानांत वाढावें आणि शेपटीच्या तुकड्यावर कोणीं समाधान मानावें, याविषयीं आम्ही केव्हांही तासभर बोलूं शकूं. परंतु हा मासा जन्मतो कोठें, वाढतो कोठें, आणि मुख्य म्हणजे तो 'तो' असतो कीं 'ती' असते, याचा आम्हांला पन्नाशी उलटेपर्यंत पत्ता नव्हता. तो लागला तेव्हां एका फार गोड आठवणीच्या घासांत खडा लागला. त्या खड्याचीच ही हकीकत आहे.

आमचें आजोळ खारेपाटांत, अलिबाग आणि पेण यांच्या मधल्या सखल मुलुखांत. धरमतरच्या खाडीचे फांटे तेथें शेतांच्या अंगाशीं येऊन भिडतात. खारें पाणी अडविण्यासाठीं जुन्या लोकांनीं मातीचे बांध घातले, बांधांत ठिकठिकाणीं उघाड्या बसविल्या आणि त्यांच्या आड भात पिकविलें. उघाडीचें दार भरतीच्या दाबानें मिटतें आणि ओहोटी लागली कीं शेतांतलें पावसाचें पाणी बाहेर सोडतें. पण तें दार म्हणजे कांहीं तिजोरीचें दार नव्हे. उधाणाचें थोडेंबहुत पाणी आंत शिरेच, आणि त्याबरोबर जिताड्याचीं बोटभर पिलें येत. पाऊस ओसरूं लागला कीं आम्ही मुलें तीं पिलें कळशींत धरून आणीत असूं व आजोबांच्या परसांतल्या तळ्यांत सोडीत असूं. गोड्या पाण्यांत तीं झपाट्यानें वाढत. कोणी पाहुणा आला म्हणजे तळ्यांतला एक मासा निघे. तें तळें आजोबांच्या मालकीचें, आणि त्यांतले मासेही त्यांचेच, याविषयीं आमच्या मनांत कधीं शंका आली नाहीं.

पण जांवई म्हणजे साधा पाहुणा नव्हे. आमच्या धाकट्या मावशीचें लग्न वैशाखांत झालें आणि मृगाचा पाऊस पडून गेल्यावर तिचे यजमान पहिल्यांदाच घरीं आले. त्या दिवशीं तळ्यांतला मासा आजोबांना कमी वाटला. त्यांनीं खाडीवरच्या एका ओळखीच्या कोळ्याला आदल्या दिवशींच निरोप धाडला होता. तो सकाळीं जो जिताडा घेऊन आला त्याची लांबी आमच्या त्या वेळच्या उंचीहून फारशी कमी नव्हती. सारी आळी तो पाहावयास लोटली. आजीनें तो चिरला तेव्हां पोटांतून गाभोळीच्या दोन जाड, पिवळ्या वळ्या निघाल्या. डोकें जांवयाच्या पानांत गेलें, गाभोळी आम्हां मुलांच्या वांट्यास आली, आणि डोक्यांतून निघालेले दोन पांढरे खडे आम्हीं धुऊन एका डबींत ठेविले. आजोबा त्या दिवशीं जितके प्रसन्न होते तितके आम्हीं त्यांना पुढें क्वचितच पाहिले.

ती डबी आमच्याबरोबर घरें बदलीत राहिली. आमचा एक भाचा रत्नागिरीजवळ शिरगांवच्या मत्स्य महाविद्यालयांत शिकून आला, तेव्हां गप्पांच्या ओघांत आम्हीं ती त्याच्यापुढें उघडली. खडे पाहून त्याचे डोळे चमकले. तो म्हणाला, "मामा, ही त्या माशाची रोजनिशी आहे."

त्यानें सांगितलें तें असें. माशाच्या कानांत चुन्याचा हा खडा असतो आणि त्यावर आयुष्यभर एकावर एक थर चढत जातात. हे थर लहान वयांत दररोज एक या हिशेबानें चढतात, हें १९७१ मध्यें जॉर्जिओ पॅनेला या संशोधकानें दाखवून दिलें. पुढें असें दिसलें कीं, भोंवतालच्या पाण्याची खूणही या थरांत उरते. स्ट्रॉन्शियम नांवाचें एक मूलद्रव्य नदीपेक्षां समुद्राच्या पाण्यांत सामान्यतः पुष्कळ अधिक असतें. खड्याचा पातळ छेद घेऊन मध्यापासून कडेपर्यंत त्याचें प्रमाण मोजीत गेलें, म्हणजे तो मासा कोणत्या वयांत खाऱ्या पाण्यांत होता आणि कोणत्या वयांत गोड्या, हें उलगडतें. हाच मासा ऑस्ट्रेलियांत बारामंडी म्हणून प्रसिद्ध आहे. तिकडे असे खडे तपासतांना आढळलें कीं, कांहीं मासे नदींत वर्षानुवर्षें राहून परततात, तर कांहींनीं गोड्या पाण्याचें तोंडही पाहिलेलें नसतें. एकाच जातीच्या माशांचीं चरित्रें इतकीं निरनिराळीं असूं शकतात.

मग त्यानें सहज विचारलें, "मासा केवढा होता?" आम्हीं दोन्ही हात होतील तितके फांकवून दाखविले. तो हंसला. "मग तो जिताडा नव्हता, मामा. जिताडी होती. गाभोळी तुम्हीच खाल्लीत ना?"

वाचकांस हें वाचून जितकें नवल वाटेल तितकेंच तेव्हां आम्हांला वाटलें. हा मासा खाडीच्या तोंडाशीं, खाऱ्या पाण्यांत जन्मतो. आपल्याकडे पावसाळ्याच्या सुमारास मोठे मासे तेथें जमतात आणि अमावास्या-पौर्णिमेच्या भरत्यांचा मेळ साधून अंडीं सोडतात. पूर्ण वाढलेल्या मादीचीं अंडीं कोटींनीं मोजावीं लागतात. त्यांतून बाहेर पडलेले जीव भरतीबरोबर आंत येऊन तिवरांच्या मुळांशीं, पाणथळ शेतांत आणि मचूळ डबक्यांत आसरा घेतात. थोडे मोठे झाले कीं गोड्या पाण्याकडे चढतात. तीन-चार वर्षांनीं ते नर म्हणून वयांत येतात व पुन्हां खाडीच्या तोंडाकडे उतरतात. आणि आणखी कांहीं वर्षांनीं, साधारणपणें सहा ते आठ वर्षांच्या वयांत, त्या नरांच्याच माद्या होतात. पापुआ न्यू गिनींतील माशांचा अभ्यास करून मूर या संशोधकानें १९७९ मध्यें हें लिंगांतर सप्रमाण मांडलें. थोडे अपवाद सोडले तर या जातींत मादी जन्मत नाहीं. ती वय खर्चून व्हावी लागते. नदी, शेत, खाडी आणि समुद्र या चारही घरीं राहून, जाळीं, बगळे आणि आटणारीं डबकीं यांतून जे थोडे वांचतात, त्यांच्याच पदरीं मातृपद पडतें.

तेव्हां आजोबांच्या पंक्तीचा अर्थ आम्हांला नव्यानें लागला. सन्मानासाठीं सर्वांत मोठा मासा हवा, आणि सर्वांत मोठा मासा म्हणजे आई. शिवाय मृगाचा पाऊस पडून गेल्यावर ती खाडीच्या तोंडाकडे ज्या कामासाठीं निघाली होती, तें आमच्या पानांत संपलें. तळ्याचाही हिशेब निराळाच निघाला. त्या गोड्या पाण्यांत जिताडा कितीही पोसला तरी तेथें त्याची वीण होत नाहीं. म्हणजे दर वर्षीं आम्हीं कळशींतून जें आणलें तें सारें खाडीचें उसनें होतें. एका हातानें आम्ही तिचीं लेंकरें आणीत होतों आणि दुसऱ्या हातानें तिच्या लेंकुरवाळ्यांना पंक्तीला वाढीत होतों.

एका जांवयाच्या पानानें खाडी रिकामी होत नाहीं, हें आम्ही जाणतों. आजोबांच्या काळीं मोठा जिताडा वर्षांतून एखाददुसऱ्या घरीं शिजे. आतां मोठ्या माशाला शहरांत मोठें मोल येतें आणि दर पंक्तीला कोणी ना कोणी जांवई असतोच. त्यांत पिलांची वाटही अरुंद झाली. जेथें भराव पडला तेथें तिवरें गेलीं. जेथें उघाडी सिमेंटानें कायमची बुजली तेथें भरतीचें पाणी आणि पिलूं दोन्हीं बाहेर राहिलीं. उलट जेथें जुना बांध फुटून वर्षानुवर्षें दुरुस्त झाला नाहीं, तेथें शेतांत तिवरें माजलीं. माशाचें घर वाढलें पण शेतकऱ्याचें भात गेलें. माशाच्या प्रेमांत हें विसरणें बरें नव्हे. बांध नकोत असें आम्ही म्हणत नाहीं. बांध आणि भरती यांच्यामध्यें उघाडी नांवाची जी जुनी तडजोड होती, ती राखावी, एवढेंच म्हणणें.

कायदाही या बाबतींत अगदीं स्वस्थ बसलेला नाहीं. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ मध्यें कांदळवनांची तोड थांबविण्याचा आदेश दिला आणि २०१८ मध्यें तो अंतिम निकालानें पक्का केला. राज्य शासनानें २०२३ मध्यें ५४ जातींच्या माशांसाठीं किमान आकारमान ठरवून दिलें. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांना मासेमारीस बंदी असते. परंतु खाडींतल्या बिनयंत्राच्या होडीला ती बंदी लागू नाहीं, आणि जिताड्याची वीण तर याच दिवसांतली. किमान आकारमानाच्या नियमानें लहानग्यांचें रक्षण होतें. आईचें होत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांताचा नियम म्हणूनच आम्हांला शहाणपणाचा वाटला. तेथें ५८ सेंटिमीटरांहून लहान बारामंडी धरावयाचा नाहीं, तसाच १२० सेंटिमीटरांहून मोठाही धरावयाचा नाहीं. धाकट्यांना वाढूं द्यावें, वडील माद्यांना विऊं द्यावें आणि मधल्यांवर पोट भरावें.

शास्त्रज्ञांनीं दुसरीही वाट काढली आहे. थायलंडमध्यें १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच या माशाची कृत्रिम वीण साधली. आपल्या देशांत चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेनें १९९७ मध्यें ती साधली. तेव्हांपासून तळ्यांसाठीं खाडींतलींच पिलें वेंचावींत अशी सक्ति उरली नाहीं. हा उपकार मोठा आहे. परंतु त्यानें तळ्याची सोय झाली. खाडीचें देणें फिटलें असें नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत आजोळीं जाणें झालें. घर आतां आमचा मामेभाऊ पाहतो. येणार असें कळवितांच त्यानें विचारलें, "दादा, खाडींतला मोठा सांगून ठेवूं ना?" आम्हीं म्हटलें, "तळ्यांतलाच काढ." त्याला तें लागलें. इतक्या वर्षांनीं आलेल्या पाहुण्याला तळ्यांतला मासा म्हणजे घराण्याची शोभा नव्हे, असें त्याच्या स्वरावरून स्पष्ट दिसलें. आम्हीं गेल्यावर त्याला सारें समजावून सांगितलें. त्याला तें कितपत पटलें हें कळलें नाहीं. त्याची आठ वर्षांची नात मात्र उंबऱ्यावर बसून ऐकत होती. तिनें विचारलें, "मग मोठ्या माशाची गाभोळी कोणाला?"

"खाडीला," आम्हीं सांगितलें.

तिनें क्षणभर विचार केला आणि मान हलविली. वांटणीचा न्याय मुलांना लवकर कळतो. त्या दिवशीं मासा दीडेक शेराचा निघाला. डोकें रीतीप्रमाणें आमच्या पानांत पडलें, आणि त्यांतले दोन इवलेसे पांढरे खडे आम्हीं धुऊन तिच्या तळहातावर ठेविले. ती डबी शोधावयास आंत पळाली.