वेट्झलरच्या अरुंद बोळांतून

फ्रँकफुर्टला मुलाकडे किंवा लेकीकडे जाऊन आलेल्या आपल्याकडच्या बायका ऱ्हाइन नदीतून बोटीनं फिरून येतात, हायडेलबर्गचा किल्ला पाहून येतात, चॉकलेटांनी बॅग भरतात आणि परततात. वेट्झलरला मात्र त्यांना सहसा कुणी नेत नाही. तुमचं त्या बाजूला जाणं झालंच, तर एक पूर्ण दिवस या गावासाठी राखून ठेवा. आणि घरातल्या कपाटात जुना कॅमेरा पडून असेल, तर तोही बरोबर घ्या. हे गाव त्याचं माहेर असण्याचा बराच संभव आहे.

फ्रँकफुर्टहून आगगाडीनं तासाभरात वेट्झलर येतं. स्टेशनाकडचा भाग पाहून मन खट्टू होईल. दुकानं, रहदारी, कुठल्याही शहरासारखंच सगळं. पण वीस-पंचवीस मिनिटं चालून लान नदीवर या. तेराव्या शतकात बांधलेला दगडी पूल ओलांडला की गाव एकदम चढू लागतं. काळसर लाकडी तुळयांच्या चौकटीत पांढऱ्या गिलाव्याच्या भिंती बसवलेली घरं एकमेकींना खेटून उभी आहेत. बोळ इतके अरुंद, की समोरासमोरच्या खिडक्यांतून सुनेनं सुनेला वाटीभर साखर द्यावी! पायांखाली गोटे बसवलेले आहेत, तेव्हा टाचांच्या चपला नकोत. मी साडीवर सरळ बूट घातले आणि कुणी हसलं नाही.

वर चढून गेलं की मोठं देऊळ लागतं, तिथं त्याला ‘डोम’ म्हणतात. हे कित्येक शतकं अर्धवटच राहिलेलं आहे. समोरून पाहा, एक मनोरा उभा राहिला आणि दुसरा राहून गेला. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट हे दोन्ही पंथ सोळाव्या शतकापासून याच एका छपराखाली प्रार्थना करत आले आहेत. दोन जावांनी एका स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढली, तर त्यांचा सत्कारच करायला हवा.

गटे हा थोर जर्मन लेखक १७७२ च्या उन्हाळ्यात इथल्या न्यायालयात उमेदवारी करायला आला होता. इथं त्याचं मन शार्लोटे बुफ या मुलीवर बसलं. तिचं लग्न आधीच दुसऱ्याशी ठरलेलं होतं. त्यातून पुढं १७७४ मध्ये त्याची तरुण वेर्थरची कादंबरी निघाली आणि युरोपभर गाजली. शार्लोटेचं घर आता संग्रहालय म्हणून जपलेलं आहे, ते जरूर पाहा. मला तिथं गटेपेक्षा तिच्याविषयीच अधिक वाटलं. आई गेल्यावर धाकट्या भावंडांचं सगळं तिनंच केलं. घरात एवढी पोरं, त्यांचं खाणंपिणं, दुखणीखुपणी, आणि त्यातच हा बुद्धिमान तरुण रोज येऊन बसणार! त्याची कादंबरी झाली. तिचा संसार तिनं मुकाट केला.

आता कॅमेऱ्याकडे येते. ऑस्कर बार्नाक नावाचा कारागीर १९११ मध्ये इथल्या लाइट्झ कारखान्यात नोकरीला आला. हा कारखाना सूक्ष्मदर्शकांसाठी प्रसिद्ध होता. बार्नाकला फोटोंचा नाद, पण दम्याचा विकार. काचेच्या तबकड्यांचा जड कॅमेरा घेऊन चढण चढणं त्याला झेपेना. त्यानं सिनेमाची फिल्म वापरून खिशात मावेल असा कॅमेरा घडवला. सिनेमाची दोन चित्रं जोडून एक चित्र, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ उंच. आपण पुढं वर्षानुवर्षं फोटोच्या दुकानातून जी फिल्म आणली, तिचं माप हेच. १९१४ च्या सुमारास त्यानं आयझेनमार्क्ट या चौकाचा फोटो त्या कॅमेऱ्यानं काढला. कॅमेरा विक्रीला आला १९२५ मध्ये, आणि लाइट्झचा कॅमेरा म्हणून नाव पडलं लायका. तो चौक अजून तसाच आहे. बार्नाक उभा होता तिथं जमिनीत खूण बसवलेली आहे. तिच्यावर उभं राहून समोर पाहिलं, की तेच घर दिसतं.

त्या घराण्यातल्या एका बाईचं नाव सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. मालकांची मुलगी एल्सी क्यून-लाइट्झ. हिटलरच्या राजवटीत तिच्या वडिलांनी कित्येक ज्यू माणसांना नोकरीच्या निमित्तानं देशाबाहेर पाठवून वाचवलं. एल्सीनं एका ज्यू बाईला स्वित्झर्लंडला निसटायला मदत केली, म्हणून १९४३ मध्ये तिला गेस्टापोनं पकडून तुरुंगात टाकलं. युद्धकाळात त्याच कारखान्यात युक्रेनहून सक्तीनं आणलेल्या बायकाही राबत होत्या. त्यांना बरं वागवावं म्हणूनही ती झगडली होती. तिथल्या झळाळत्या काचा पाहताना हेही ठाऊक असावं.

तुम्ही म्हणाल, देऊळ झालं, इतिहास झाला, पण तू तिथं कशाला गेली होतीस? मी गेले होते रुंद नजरेची लेन्स ठरवायला.

आमच्या मामेसासऱ्यांनी साठ-पासष्टच्या सुमारास जर्मनीतून आणलेला लायका कॅमेरा माझ्याकडे आला. एम-२ म्हणतात तो. त्याला लेन्स एकच, ५० मिलिमीटरची. साताऱ्याचं आमचं घर यंदाच्या दिवाळीनंतर पडायचं आहे. भावाभावांच्या सह्या झाल्या, बिल्डरही ठरला. सासूबाईंचं वय ८४. त्यांनी रडारड केली नाही. एवढंच म्हणाल्या, “अगं, मला माजघरातल्या झोपाळ्यावर बसवून एक फोटो काढ. दोन्ही दारं दिसायला हवीत हो! एकातून मी या घरात आले आणि दुसऱ्यातून रोज स्वयंपाकघरात गेले.”

दारं एकाच भिंतीच्या दोन टोकांना. भिंत बारा फुटांची, आणि पाठ टेकवून उभं राहिलं तरी मला अंतर मिळतं दहाच फूट. ५० च्या लेन्समध्ये दहा फुटांवरून रुंदीला सात फुटांहून थोडंसंच अधिक मावतं. म्हणजे झोपाळा येतो, सासूबाई येतात, दारं गायब! आमच्या घरातले जुने फोटो काढून पाहिले, तर त्यांत बायकांचं घर कुठंच नाही. सगळे फोटो अंगणातले, नाही तर ओसरीवरचे. आतल्या खोल्यांत मागं सरकायला जागाच नसे, म्हणून तिथं कुणी फोटो काढलेच नाहीत. तुमच्याकडचे अल्बमही एकदा या नजरेनं चाळा.

लेन्सवरचा आकडा जितका लहान, तितकी तिची नजर रुंद. दहा फुटांवरून ३५ च्या लेन्समध्ये सव्वादहा फूट मावतात, २८ मध्ये जवळजवळ तेरा, आणि २१ मध्ये सतरा. हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाचा आहे: अंतराला ३६ नं गुणायचं आणि लेन्सच्या आकड्यानं भागायचं. तुमची खोली मोजा, हिशेब करा, मग दुकानदाराकडे जा.

हिशेबावर विश्वास नसेल तर एक घरगुती युक्ती सांगते. चपलांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला १४.४ सेंटिमीटर रुंद आणि ९.६ उंच अशी चौकोनी खिडकी कापा. एक डोळा मिटून ती दुसऱ्या डोळ्यापासून २० सेंटिमीटरवर धरा, म्हणजे ५० च्या लेन्सचं दृश्य दिसेल. १४ सेंटिमीटरवर धरली तर ३५ चं, साधारण ११ वर २८ चं, साडेआठवर २१ चं. पैसा खर्च न करता चार लेन्सा घरी!

वेट्झलरमध्ये मला याहून सोय झाली. भाचीच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांनी २१ आणि २८ चे दोन सुटे व्ह्यूफाइंडर दिवसभरासाठी दिले. हे काय, ते सांगते. आपल्या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहत नाही. शेजारच्या लहान खिडकीतून पाहतो, आणि तिच्यात दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणून अंतर जुळवतो. म्हणूनच याला रेंजफाइंडर म्हणतात. (लेन्सचं झाकण काढायचं राहिलं, तरी खिडकीतून सगळं छान दिसतच राहतं, हे लक्षात असू द्या.) त्या खिडकीत चौकटीच्या रेषा असतात. माझ्या एम-२ मध्ये त्या ३५, ५० आणि ९० च्या आहेत, २८ च्या नाहीत. तेव्हा २८ घ्यायची तर कॅमेऱ्याच्या डोक्यावर निराळा व्ह्यूफाइंडर बसवावा लागतो. त्याचा खर्च आधीच धरा. पुढच्या काही कॅमेऱ्यांत २८ च्या रेषा असतात, पण चष्मा असेल तर त्यांच्या कडा दिसत नाहीत. चष्मेवालीनं दुकानात डोळा लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

ते दोन व्ह्यूफाइंडर घेऊन मी दिवसभर बोळांतून फिरले. २१ लावला की आधी हरखून जायला होतं: दोन्ही बाजूंची घरं, वरचं आभाळ, खालचे गोटे, सगळं एकदम! पण जरा थांबून पाहिलं, तर समोरची बाई मुंगीएवढी झालेली. तीच बाई कडेला गेली की लाटताना एका बाजूला ओढल्या गेलेल्या पोळीसारखी लांबते. शिवाय कॅमेरा जरा वर उचलला, की घरं मागं कलंडू लागतात. २१ ही देवळांच्या गाभाऱ्यांची, जिन्यांची लेन्स. माणसांसाठी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कॅमेऱ्यातल्याच रेषांतून ३५ चं दृश्य पाहिलं. ते आपल्या नेहमीच्या पाहण्यासारखं वाटतं, ओढाताण नाही. पहिलीवहिली रुंद लेन्स घेणार असाल तर डोळे मिटून ३५ घ्या. मला मात्र बारा फुटांची भिंत हवी होती. डोमच्या मागच्या एका बोळात २८ मधून एका दारातल्या आजी दिसल्या, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंची दारंही दिसली. माझं ठरलं.

रेंजफाइंडरला रुंद लेन्स शोभते त्याला कारण आहे. दुसऱ्या जातीच्या कॅमेऱ्यांत लेन्सच्या मागं आरसा हलत असतो, त्यामुळं लेन्सला दूर राहावं लागतं आणि ती मोठी, बोजड होते. इथं आरसाच नाही. लेन्स फिल्मच्या जवळ जाऊन बसते, म्हणून ती लिंबाएवढीही असू शकते आणि दाराच्या सरळ कडा सरळच ठेवते. पण याचाच एक तोटा असा, की चित्राचे कोपरे जरा काळवंडतात, आणि काही जुन्या लेन्सा डिजिटल कॅमेऱ्यावर लावल्या तर कडांना रंग चढतो. घरात फिल्मचा कॅमेरा असेल तर हा प्रश्न नाही.

किमतीचं म्हणाल, तर नवी जर्मन लेन्स ही दागिन्याची खरेदी आहे. ती करू नका. जपानमध्ये कोसिना कंपनी फोक्टलेंडर या जुन्या जर्मन नावानं लेन्सा बनवते, त्या पुष्कळ स्वस्त पडतात आणि चांगल्या असतात. जुनी रशियन ज्युपिटर-१२ ही ३५ ची लेन्स आणखी स्वस्त. पण तिची मागची काच खूप आत घुसते, प्रत्येक कॅमेऱ्याला ती चालत नाही. तेव्हा आपल्या कॅमेऱ्याला बसते का ते आधी विचारा. जुन्या आट्यांच्या लेन्सा कडी लावून नव्या एम कॅमेऱ्यावर बसतात, उलट मात्र होत नाही.

वापरलेली लेन्स घेताना ती उजेडाकडे धरून आरपार पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. ठेवून द्या खाली, कितीही स्वस्त असो. कडी फिरवून पाहा, अडखळता कामा नये. छिद्राच्या पाकळ्यांवर तेलाचे डाग नकोत. आणि घरी आणल्यावर चामड्याच्या पेटीत मुळीच ठेवू नका. आपल्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या टाका, त्यावर स्वच्छ सुती फडकं, आणि वर लेन्स. पुड्या महिन्या-दोन महिन्यांनी बदला.

वापरायला २८ सोपी आहे. छिद्र ८ वर आणि अंतराची कडी सव्वातीन मीटरवर ठेवली, की पाच-साडेपाच फुटांपासून पार क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. माझा झोपाळा सहा फुटांवर आणि भिंत दहा फुटांवर, म्हणजे दोन्ही त्यात बसतात. मात्र माजघर अंधारं. ८ च्या छिद्राला वेळ जास्त द्यावा लागणार, म्हणून कॅमेरा तिपाईवर आणि झोपाळ्याच्या कड्या खालून पट्टीनं बांधलेल्या, असा बेत आहे. सासूबाईंना सांगून ठेवलंय, घटकाभर हलायचं नाही. त्या म्हणाल्या, “साठ वर्षांत कुणी मला स्वस्थ बस म्हटलं नव्हतं!”

परतीच्या गाडीआधी तासभर हाताशी असेल, तर गावाबाहेरच्या लाइट्झ-पार्कला जाऊन या. लायकाचा कारखाना मध्यंतरी शेजारच्या सोल्म्स गावी गेला होता, तो २०१४ मध्ये इथं परत आला. तिथं फोटोंची प्रदर्शनं असतात. नाही तर सरळ पुलावर येऊन बसा. संध्याकाळी लानच्या पाण्यात सगळं चढणीचं गाव उलटं दिसतं, आणि तिथं मागं सरकायला जागा भरपूर आहे. ५० ची लेन्ससुद्धा पुरते.