उघडलेल्या यंत्राचा हिशेब

गळीत हंगाम संपून धुराडे थंड झाले, की साखर कारखान्यात दुरुस्तीचे दिवस सुरू होतात. आणि पुढील हंगामात गव्हाणीत पडलेली मोळी अखंडपणे साखरेच्या पोत्यापर्यंत पोहोचेल की नाही, हे या दिवसांत कोणता भाग बदलला, कोणता केवळ तपासला आणि कोणत्यास मुळीच हात लावला नाही, यावर बहुतांशी ठरते. सर्वच भाग दरसाल बदलण्याचे औदार्य कारखान्याच्या खजिन्यास पेलत नाही, आणि मोडेपर्यंत वाट पाहण्याची काटकसर शेतकऱ्यास परवडत नाही. कारण बंद गिरणीपुढे उभ्या असलेल्या गाड्यांतील ऊस वाळून वजनास घटतो आणि त्यातील साखरही उतरत जाते.

यातून मार्ग काढताना प्रथम प्रत्येक भागाचा स्वभाव ओळखावा लागतो. रोलरवरील खाचा आणि गनमेटलची बेअरिंगे हळूहळू झिजतात. त्यांची झीज मापता येते, म्हणून त्यांची मुदतही बांधता येते. नियंत्रण-पेटीतील इलेक्ट्रॉनिक कार्ड मात्र केव्हा जाईल, हे सहसा त्याच्या वयावरून सांगता येत नाही. ते आगाऊ बदलणे म्हणजे चांगला जिन्नस टाकून तितकाच बेभरवशाचा जिन्नस बसविणे होय, आणि तेथे भांडारात एक जादा कार्ड सज्ज ठेवणे हाच खरा बंदोबस्त. स्वीडिश अभियंता वालोडी वायबुल यांनी १९५१ सालच्या निबंधात मांडलेल्या सूत्रात हा स्वभावभेद एका घातांकाने व्यक्त होतो: तो एकाहून अधिक असेल, तरच वयाबरोबर मोडण्याचा संभव वाढतो, आणि तरच मुदतीने भाग बदलण्यास अर्थ उरतो. नोलन आणि हीप यांच्या १९७८ च्या अहवालात तर विमानाच्या अभ्यासलेल्या भागांपैकी केवळ ११ टक्क्यांतच वयोमानाची जीर्णता आढळली.

स्वभाव कळला, तरी प्रत्येक भागाची मुदत स्वतंत्रपणे पाळणे हिताचे नसते; कारण अनेक भागांच्या यंत्रात पुष्कळदा भागापेक्षा त्याच्यापर्यंत पोहोचणेच महाग पडते. समजा, एका बेअरिंगची किंमत १० हजार रुपये असून, गिरणी खोलणे, क्रेनने रोलर उचलणे, फिटर व खलाशी यांची मजुरी आणि पुन्हा मिल सेटिंग, यांत ४० हजार जातात. तर शेजारची दोन बेअरिंगे निरनिराळ्या वेळी बदलल्यास १ लाख आणि एकदम बदलल्यास ६० हजार लागतात. दुसऱ्याचे निम्मे आयुष्य शिल्लक असले, तर ५ हजारांचे मूल्य वाया जाते खरे. परंतु त्या मोबदल्यात ४० हजार वाचतात.

हंगाम चालू असतानाही हाच न्याय लागू पडतो. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत क्षारांचा थर साचून साफसफाईसाठी गाळप थांबवावेच लागते. त्या अपरिहार्य विसाव्यात गिरणीचे कोणते काम उरकता येईल, याची यादी, सामान आणि माणसे आगाऊ सिद्ध ठेवणाऱ्या अभियंत्यास तो वेळ जणू फुकट मिळतो. मात्र त्यासाठी झिजेची मापे पाळीगणिक नोंदवहीत उतरावी लागतात. अन्यथा उघडले आहे म्हणून बदलले, अशी उधळपट्टी होते.

नियोजनाचे सारे कौशल्य मला या संयमात दिसते: सुस्थितीतील भागास त्याचे आयुष्य भोगू द्यावे, जीर्ण झालेल्यास शेजाऱ्याच्या निमित्ताने निरोप द्यावा, आणि वाचलेला पैसा हा उसाच्या दरातून वाचला आहे, हे ध्यानात ठेवून तो खर्चावा.