भाषांतरकाराचं नाव

लांदाऊ आणि लिफ्शित्स या सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञांच्या ‘क्वांटम मेकॅनिक्स’चं शीर्षकपान मी आजवर कितीदा उलटून पुढे गेले असेन! परवा मात्र नजर तिथेच अडकली. रशियनमधून इंग्रजीत आणणारे: जे. बी. साइक्स आणि जे. एस. बेल.

बेल? तोच का?

तोच. 1958 साली हे भाषांतर आलं. जॉन बेल त्या काळात इंग्लंडात, हारवेलच्या अणुऊर्जा संस्थेत काम करत होता. ज्या प्रमेयासाठी जग त्याला ओळखतं, ते यायला अजून 6 वर्षं होती.

लांदाऊला लिहिण्याचं वावडं. विचार त्याचे, लेखणी लिफ्शित्सची. ‘स्टॅटिस्टिकल फिजिक्स’चं पहिलं रूप 1938 साली निघालं आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये लांदाऊला अटक झाली. ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ कापित्साने त्याच्यासाठी शब्द टाकला, हमी दिली, तेव्हा कुठे वर्षाने सुटका झाली. पुढे हाच ग्रंथ दोघांच्या पाठ्यपुस्तक-मालिकेचा पाचवा खंड झाला. मला तिसऱ्यापेक्षा, म्हणजे ‘क्वांटम मेकॅनिक्स’पेक्षा, हा पाचवा जास्त जवळचा. दहा हजार कण असतील तर सरासरीभोवतीची डळमळ शेकडा एक. कण एक लाख कोटी झाले की ती दहा लाखांत एक. गर्दी वाढते तसतसं जग स्थिर होत जातं, हे वाचून मला दर वेळी धीर येतो.

क्वांटमच्या खंडात मात्र सुरुवातीलाच एक अट आहे. मापन म्हणजे क्वांटम वस्तूची अभिजात उपकरणाशी पडलेली गाठ. वाचणारा मान डोलावून पुढे जातो. भाषांतर करणाऱ्याला तसं जाता येत नाही, त्याला प्रत्येक शब्दापाशी बसावं लागतं. मीही थोडंफार भाषांतर करते, म्हणून हे ठाऊक आहे.

मापन. या शब्दाशी बसले की मला आजी दिसते. सुगीनंतर ओटीवर भाताची रास, आजीच्या हातात पायली. पहिल्या मापाला ती ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. मग दोन, तीन. माप शिगोशीग भरायचं. शीग चढत जाई आणि टोकावरून दाणे घरंगळू लागत. मी गुडघे टेकून, डोळे पायलीच्या काठाला लावून बघत असे. हा दाणा मापातला की राशीतला? आजीला विचारलं, तर ती माप रितं करून आकडा म्हणे आणि पुढची पायली भरायला घेई. तिचा आकडा कधी चुकला नाही. माझा प्रश्न मात्र काठावरच राहिला.

1990 साली बेलने मापन या शब्दाविरुद्धच लेख लिहिला. उपकरण कुठे संपतं आणि वस्तू कुठे सुरू होते, ही रेघ कोणी ओढायची, असा त्याचा सवाल होता. तपासायला पहिलं पुस्तक घेतलं ते हेच, त्याच्या स्वतःच्या हाताखालून गेलेलं. तीस-बत्तीस वर्षं एखादं वाक्य माणसाच्या मनात असं रुतून राहू शकतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो गेला.

माप भरताना जमिनीवर सांडलेले दाणे आजी राशीत परत टाकत नसे. ते चिमण्यांचे, असं म्हणे.