जोडी हातात आली तर

मैत्रिणींनो, गणपतीतलं जागरण असो की कोजागिरी, मसाला दूध फिरून झालं की घरात पत्त्यांचा कॅट निघतोच. मुलं बदाम सात मांडतात, मोठी माणसं तीन पत्ती. आपणही पुढ्यात चिल्लर घेऊन बसतो. आणि अडतं कुठं, तर फार चांगल्या पानांवर नाही, वाईटांवरही नाही. अडतं ते जोडीवर. दोन सत्त्या आणि एक राजा! टाकवत नाही, खेळायचा धीर होत नाही.

या जोडीची खरी किंमत किती ते बघा. बावन्न पत्त्यांतून तीन पानं २२,१०० तऱ्हांनी येतात. त्यांतल्या १६,४४० तऱ्हांत जोडीसुद्धा नसते, नुसतं मोठं पान. म्हणजे समोर एकच जण असेल आणि त्याच्या पानांचा काहीच अंदाज नसेल, तर सत्त्यांची जोडी शंभरात साधारण ८१ वेळा वरचढ ठरते. समोर दोघं असले की ६५ वेळा. आणि पाच जण असले की जेमतेम ३५! पानं तीच हं. पोकरमध्ये मधे नवी पानं उघडतात आणि मघाची चांगली जोडी फिकी पडते. आपल्याकडे पानं बदलत नाहीत, समोरची माणसं कमीजास्त होतात.

म्हणून जोडी असेल तर पहिली चाल मोठी करावी, असं माझं मत. दोन रुपयांची चाल चालू असेल तर चार टाकावे. दोन-दोन रुपये टाकत रेंगाळलं की सगळे स्वस्तात बसून राहतात, आणि शो तर दोघंच उरल्यावर मिळतो. चार पडले की कुणाकडे अठ्ठ्या-नव्व्यांची जोडी असली तरी तीही कधीकधी पॅक होते. मात्र ही मोठी चाल एकदाच. पानं बघितलेल्या कुणी त्यावर आणखी चढवलं, तर मुकाट्यानं पॅक करावं. तिथे ८१चा हिशेब लागू नाही, कारण त्या माणसानं पानं बघून पैसे टाकलेत. आपल्या आधीच्यानं नुसती बरोबरीची चाल केली असेल तर साइड शो मागावा. तो नाही म्हणू शकतो, पण मागायला काय जातं?

आता ब्लाइंडवाले. आमच्या घरी धाकटे भावजी पानांना हात न लावता खेळतात, मांडीवर थाप मारून, "वहिनी, हिंमत आहे का?" आणि बायका पटापट पॅक करतात. वास्तविक भिण्यासारखं तिथे काहीच नसतं. त्यांची पानं त्यांनाच ठाऊक नाहीत! दोघंच उरलात तर त्यांच्या एका रुपयाला आपले दोन जातात हे खरं, आणि आमच्याकडे ब्लाइंडसमोर शोही मागता येत नाही. तरी शंभरात ८१ वेळा जिंकणार असाल, तर दुप्पट टाकूनही फायदा आपलाच. कोपऱ्यात बसून, पानं बघून, एक शब्द न बोलता चाल वाढवणाऱ्या मोठ्या जाऊबाई मात्र वेगळ्या. तिथे मी सत्त्या खाली ठेवते. कुणी "घाबरलात" म्हटलं तर म्हणू दे. त्या शब्दापायी पर्समधली दुधाची नोट बाहेर काढलेल्या बायका मी बघितल्यात, आणि त्यांना चिडवणाऱ्यानं सकाळी दुधाचे पैसे दिल्याचं ऐकलं नाही. मी पन्नास रुपयांची चिल्लर वाटीत घेऊन बसते. वाटी रिकामी झाली की मी चहा टाकायला मोकळी.

बसण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्या. पॉट किती रुपयांपर्यंत वाढवायचा? आम्ही शंभर ठेवतो, तेवढे भरले की सगळ्यांनी पानं उघडायची. आणि शोमध्ये पानं अगदी बरोबरीची निघाली तर मागणारा हरतो, हेही आधीच बोलून ठेवा. नाहीतर रात्री एक वाजता त्यावरून भांडण होतं आणि शेजारचे जागे होतात.