दिव्यामागील पाणी

बटण दाबताच दिवा लागतो, म्हणून प्रकाश फुकट मिळतो असे आपणां विद्यार्थ्यांस वाटते. परंतु त्याचे मोल कोणी तरी दिलेले असते. सह्याद्रीचे पाणी कोकणात उतरवून खोपोलीस १९१५ साली व भिऱ्यास १९२७ साली वीज निर्माण होऊ लागली. मुंबईस ही वीज मिळावी म्हणून पुण्याजवळील मुळशीचे खोरे बुडाले. सेनापती बापटांसह तेथील मावळ्यांनी १९२१ पासून सत्याग्रह केला. तरी धरण झालेच. पुढे कोयनेचे पाणी, तारापूरची अणुशक्ती व चंद्रपूरचा कोळसाही कामास लागला. मुळशीचा विस्तीर्ण जलाशय पाहताना त्याखालील भातखाचरांचा विचार माझ्या मनास बोचला. तेव्हापासून रिकाम्या खोलीत जळणारा दिवा मी आवर्जून मालवतो.